उसवलेली बाही

काकूंची कात्री चालायची ती ऐकत राहावी अशी! तीस वर्षं एकाच दुकानात कोट कापले. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत यांच्या डोळ्यांनी माप घेतलेलं असायचं. टेप आपली नावापुरती. अशा बाईच्या उजव्या स्तनात कॅन्सरची गाठ निघाली. शस्त्रक्रियेत काखेतल्या ग्रंथीही काढल्या. काकूंना घोर एकच लागला, हा हात पुन्हा कात्री धरील ना?

घरी पाठवताना हॉस्पिटलने एक कागद दिला होता. हात हलता ठेवा, व्यायाम हळूहळू वाढवा, वजन आटोक्यात ठेवा, साधं खरचटलं तरी हयगय नको आणि बाही घट्ट वाटली तर ती सूज समजून लगेच या. पण सेवेला आली थोरली बहीण, आणि ताईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ! "त्यांचं काय जातंय लिहायला? याच ऑपरेशननंतर मावशी कामाला लागली आणि तिचा हात कसा सुजला, विसरलीस? खबरदार पेला उचललास तर!" कागद कपाटात गेला आणि हात तळहाताच्या फोडासारखा जपला गेला. केससुद्धा ताईच विंचरायची.

चार महिन्यांनी एका सकाळी उजवी बाही दंडाला आवळली. दुसरी कोणी असती तर घाबरून डॉक्टरकडे पळाली असती. या पडल्या शिवणाऱ्या! शिवण उसवली, आत दुमडून ठेवलेली कापडाची माया सोडली आणि डाव्या हाताने वेडेवाकडे टाके घातले. "कापड आटलं," म्हणाल्या. दीड महिन्याने पुन्हा तेच. मनात पाल चुकचुकत होती, पण विचारायची हिंमत कुणाला होती? आणखी दीड महिन्याने तिसऱ्यांदा उसवायला गेल्या तर सोडायला कापडच उरलं नव्हतं. तेव्हा मात्र पाचावर धारण बसली.

हॉस्पिटलातली फिजिओथेरपिस्ट मुलगी लेकीच्या वयाची. तिने दोन्ही दंड मोजले. ती आकडा बोलायच्या आधीच काकूंनी तो टेपवर वाचला होता. तीन सेंटिमीटरचा फरक.

"कधीपासून आहे हे, काकू?"

"तीन महिने." वारही सांगता आला असता.

"सगळं नीट करूनही काहींना सूज येतेच," ती म्हणाली. "पण तेव्हाच आला असतात, तर रोखायला जास्त वाव होता. आता दाब देणारी बाही घालू, व्यायाम सुरू करू. सूज ताब्यात ठेवता येईल. पूर्ण जाईलच, असं मी सांगणार नाही."

"आणि कात्री?"

"धरायची की! आधी पातळ कापड, मग जाड. नुसता बसवून ठेवला म्हणून हात वाचत नाही."

बाहेर बाकावर ताईने सगळं ऐकलं होतं. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. "हे मीच केलं ना गं?"

काकूंना संताप आला होता, खोटं कशाला बोला! हो म्हणायला तोंड उघडलंही. पण मग त्या तिच्याशेजारी बसल्या.

"तू नुसतं सांगितलंस, ताई. बाही मी उसवली. तुला माप कळत नाही गं. मला कळतं."