पहिलं मूल कुठाय?

समजा, तुम्हाला एका परक्या साहेबासमोर बसवलंय आणि विचारलंय, तुमच्या घरात माणसं किती? सोपं आहे ना? न्यानलाही तसंच वाटलं होतं.

न्यान मूळची व्हिएतनामच्या दक्षिण किनाऱ्यावरची. तिच्या नवऱ्याची, खोयची, मासेमारीची होडी होती. त्याच होडीतून ते पळाले आणि मलेशियाच्या बिडाँग बेटावर, निर्वासितांच्या छावणीत येऊन पडले. होडीच्या फळ्या आता त्यांच्या झोपडीला लागल्या होत्या. वाटेत समुद्राने असं काही दाखवलं होतं, की न्यान बेटावर राहूनही पाण्याकडे पाठ करूनच बसायची.

कॅनडाचा साहेब एक प्रस्ताव घेऊन आला. तिकडच्या एका गावाने एक कुटुंब सांभाळायची तयारी दाखवली होती. राहायला घर, खोयला काम, मुलांना शाळा. पण सोय नवरा-बायको आणि तीन मुलं एवढ्यांचीच. ह्यांचं तर नेमकं जमत होतं. साहेब व्हिएतनामी शिकून आला होता आणि ती बोलायची त्याला भारी हौस. त्याने मोठ्या मुलीला जवळ बोलावलं.

"घरी तुला काय म्हणतात गं?"

"दुसरी."

"आणि ह्याला?"

"तिसरा. आणि ते शेंबडं आहे ना, ते चौथं."

साहेबाचं हसू मावळलं. "मग पहिलं मूल कुठाय?"

"पहिलं नाहीच, साहेब," न्यान म्हणाली.

साहेबाचा आवाज हळू झाला. "समुद्रात गेलं?"

"छे छे! असं अभद्र बोलू नका. झालंच नाही!"

"झालं नाही, मग ही दुसरी कशी?"

एखादं मूल लपवून मागाहून बोलावणारे त्याला आधी भेटले असावेत. त्याने फाईल मिटली. "खरं सांगणार नसाल, तर ही जागा पुढच्या घराला जाईल."

न्यानने खोयकडे पाहिलं. खोय पुटपुटला, "पोरांना जरा पढवून आणायला काय झालं होतं तुला?"

"हाका मारायला तुम्हीच ना पुढे? आता तुम्हीच सांगा!"

खोयने सांगून पाहिलं. आमच्याकडे थोरल्याला पहिला म्हणत नाहीत, भुताखेतांचा डोळा पहिल्यावर असतो, म्हणून मोजणी दुसऱ्यापासून. साहेबाने नकारार्थी मान हलवली. त्याच्या पुस्तकात असं काही नव्हतं.

न्यान ताडकन उठली, दाराशी गेली आणि बाहेरच्या रांगेला ओरडून म्हणाली, "अहो, तुमच्यात कुणाला घरी पहिला म्हणतात का?"

एक हात वर होईल तर शपथ.

"आणि दुसरा?"

हातांचं रान उगवलं. बोळक्या तोंडाचा एक म्हातारा तर काठीच उंचावून उभा. "मी दुसरा! माझा बाप दुसरा! बायकोसुद्धा दुसरी, पण लग्न एकच हं, साहेब!"

रांग खो खो हसली. साहेब दाराशी येऊन बघत राहिला, मग कपाळावर हात मारून तोही हसला. परत येऊन त्याने फाईल उघडली आणि शिक्का मारला. पाचही जण, एकत्र.

 न्यान बाकावर टेकली, रडली, पदर नव्हता म्हणून बाहीनेच नाक पुसलं. "गाव कसं आहे, साहेब?"

"सपाट. जिकडेतिकडे गहू. समुद्र मात्र तुम्हाला दिसायचा नाही, फार लांब आहे."

खोयचं तोंड उतरलं. न्यानने मात्र कितीतरी दिवस कोंडलेला श्वास सोडला. मुलांना घेऊन ती निघालीसुद्धा. मग दारातच थबकली.

"पण साहेब, समुद्रच नाही, तर तिथल्या माणसांवर वेळ आली म्हणजे ती पळतात कुठून?"