गोदाची पडजीभ

आधीच सांगतो, मी शाळामास्तर माणूस. आयुष्यभर पोरांना गणित शिकवलं. करणी, बाधा, अंगात येणं असलं काही कुणी सांगायला लागलं की मी तोंडावर हसायचो. तेव्हा हे वाचून तुम्ही मला हसलात, तर माझी तक्रार नाही...

गोष्ट निजामाच्या राज्यातली, दुसरं महायुद्ध चालू होतं तेव्हाची. चुडावा स्टेशनापासून दोन कोसांवर आमचं गाव. थोडी कोरडवाहू शेती, आणि शेजारच्या गावात मी उर्दू शाळेवर मास्तर. घरात तिघंच – मी, माझी आई, जिला मी माय म्हणायचो, आणि लग्नाला वर्ष झालेली माझी बायको गोदा.

माय पडजीभ उचलायची. ही विद्या आता गेली, म्हणून समजावून सांगतो. घसा दुखायला लागला, घास उतरेना झाला, की पडजीभ खाली आली म्हणायचे. मग सकाळी उपाशीपोटी माय त्या माणसाला उंबऱ्यावर बसवायची, अंगठ्याला चुलीतली राख आणि मीठ लावायची आणि थेट घशात घालून पडजीभ वर दाबायची. रडारड, ओकारी, थोडं रक्त... आणि दुपारी तोच माणूस भाकरी खायचा! तिच्या हाताला गुण आहे असं गाव म्हणायचं. मी थोतांड म्हणायचो. तिला त्याचा राग येत नसे.

पण अंगठा घालण्याआधी ती डोळे मिटून बाहेरून गळ्यावर तळवा ठेवायची. माझ्या माहितीत दोघांनाच तिनं "आज न्हाई" म्हणून परत पाठवलं होतं. का, ते विचारायची मला कधी गरज वाटली नाही.

त्या चैत्रात गोदाचा घसा धरला. आठ दिवसांवर वालूरला तिच्या भावाचं लग्न. तिचा गळा असा, की ती आल्याशिवाय हळदीची गाणी सुरू करायची नाहीत असं माहेरच्या बायकांनी ठरवूनच टाकलेलं. ती बिचारी सकाळी न सांगता उंबऱ्यावर जाऊन बसली. मायनं तळवा ठेवला आणि चटका बसावा तसा हात मागं घेतला.

"आज न्हाई, गोदे."

"का वं, आत्याबाई?"

"घरचेच हायत ते. समद्यांच्याच घशात ऱ्हातेत, निजून. तुझ्यातले आज जागे हायत. म्या दार उघडलं की आत शिरतीन."

गोदा रडायला लागली. आणि इथं माझी अक्कल शेण खायला गेली. मला वाटलं, माय सासूपणा करायलीय. मी म्हणालो, "साऱ्या गावाची उचलतीस, मग सुनेचंच वावडं का? माहेरी जाऊन गायलेलं बघवंना का तुला?"

ज्याला थोतांड म्हणत आलो, तेच करून घ्यायला मी हटून बसलो होतो. मायनं चुलीतली राख पुढं ओढली. मग "बरं बाबा" म्हणाली आणि राखेत अंगठा बुडवला.

तिसऱ्या दिवशी गोदाला हुडहुडी भरून ताप आला. दोन वाकळा घातल्या तरी अंग थरथरायचं थांबेना. मानेची एक बाजू सुजली. चुडाव्याहून रेल्वेनं तिला हैदराबादला नेलं. तिथल्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी रक्त काढून तपासायला ठेवलं आणि दोन दिवसांनी मला बाजूला घेतलं. उर्दूत म्हणाले, "रक्तात जंतू आहेत. नवल हे, की एरवी ते निरुपद्रवी. तुमच्या-माझ्या घशातही असतात, गुमान पडून. रक्तात शिरायला यांना वाट कुठून मिळाली?"

मला मायचा राखेचा अंगठा आठवला. काय सांगणार होतो मी त्यांना?

तेव्हा होत्या त्या गोळ्या देऊन झाल्या. गोदा तिथंच गेली. माझा तिच्यावर फार जीव होता. तिला तसं कधी म्हणालो नव्हतो, तेव्हा कुणी म्हणतही नसे.

पुढं माझा एक विद्यार्थी डॉक्टर झाला. त्याला सगळं सांगितलं. म्हणाला, "सर, घशाला जखम झाली, जंतू रक्तात गेले. सायन्स सरळ आहे. आजींच्या तळव्याला ताप लागला असेल." पण त्या सकाळी गोदाला ताप नव्हता. मी स्वतः कपाळाला हात लावून बघितला होता. आणि तापावरून, कधी पाटीही न धरलेल्या बाईला रक्तात शिरणारे घरचे कसे कळतील?

भेटायला आलेल्या बायकांना माय सांगायची, "पोरगा नको नको म्हनत व्हता. म्याच ऐकलं न्हाई." मी समोर बसलेलो असायचो. एकदाही तोंड उघडलं नाही. तिच्या उंबऱ्यावर पुन्हा कुणी आलं नाही. सुनेला खाल्लेली म्हणून तिच्या हातचं पाणीही काही घरांनी बंद केलं.

पुष्कळ वर्षांनी एकदा धीर करून विचारलं. ती सुपात ज्वारी निवडत होती.

"माय, त्या दिवशी तुला कसं कळलं होतं?"

तिनं मान वर केली नाही. "काय कळलं व्हतं? म्या काय बी म्हनले न्हाई. कळलं असतं तर अंगठा घातला असता का, लेकरा?"

पण ती म्हणाली होती. मी माझ्या कानांनी ऐकलं होतं.