एकेचाळिसावा दगड

आमच्या ताईला सगळे 'हजेरी' म्हणायचे. चौतीस वर्षं शाळेच्या कचेरीत रजिस्टरं भरल्यावर दुसरं काय होणार? घरातले चमचेसुद्धा ती मोजायची आणि एक कमी भरला तर कोणाला ताटावर बसू द्यायची नाही.

ती निवृत्त झाली त्याच वर्षी टेकडीमागून नवा रस्ता काढायचं ठरलं. आमच्या घराण्याची जुनी दफनभूमी नेमकी मधे येत होती. वीस वर्षांत तिकडे कोणी फिरकलं नव्हतं. काटेरी झुडपं डोक्याच्या वर गेली होती. महिन्याभरात ज्या थडग्यांचं नाव आणि जागा दाखवाल तेवढी हलवू, बाकीच्यांवरून यंत्र फिरेल, असं रस्त्याच्या कचेरीने कळवलं. चुलतभावांनी हात वर केले. ताई कोयता, पहार आणि खडूंची पेटी घेऊन गेली.

खडू आडवा धरून झिजलेल्या दगडावर फिरवला की दगड पांढरा होतो आणि खोलगट अक्षरं तेवढी काळी राहतात. असे तिने चाळीस दगड वाचले. पणजोबांच्या दोन्ही बायका सापडल्या, मेल्यावरही भांडतील म्हणून दोन टोकांना पुरलेल्या. पण वडिलांच्या वहीत नावं एकेचाळीस होती.

एकेचाळिसावा आमचा मधला भाऊ. माझ्या जन्माआधी, तीन वर्षांचा असताना तो हौदात बुडाला. त्याला सांभाळायला सात वर्षांची ताई होती. घरात त्याबद्दल कोणी ब्र काढत नसे.

"एकदा माझ्या नजरेआड झाला," ताई मला म्हणाली. "परत नाही होऊ देणार."

अकरा दिवस ती हात-हात अंतरावर पहार मारत राहिली. तळहात फुटले. मी समजावून थकलो; सगळं पालथ्या घड्यावर पाणी. अकराव्या दिवशी ती मागच्या अंगणात मातीने माखलेले कपडे धुवायला बसली, तेव्हा ओसरीवरच्या खाटेवरून आईने हाक मारली. आई शहाऐंशी वर्षांची. इतके दिवस ती नुसती बघत पडून होती.

"तिकडे शोधू नकोस," आई म्हणाली. "त्याचाच दगड आहे तो. ज्यावर धुतेयस."

ताईच्या हातातला कपडा तसाच राहिला.

"तो गेल्यावर तू रोज त्याच्या थडग्यापाशी जाऊन बसायचीस. जेवेनास, शाळेत जाईनास. एक गेलाच होता, आता तूही जातेस असं वाटलं मला. ह्यांना म्हटलं, दगडच उचलून आणा. इथे पालथा घातला. काही दिवस तिकडे शोधलंस, मग विसरलीस."

"आणि जागा?"

"ती आता कुठे कोणाच्या लक्षात राहतेय? तुला सापडू नये म्हणूनच तर दगड काढला ना गं."

चाळीसहून जास्त वर्षं ताईने आम्हा सगळ्यांचे कपडे त्या दगडावर आपटले होते. मला आईची कीव आली, पण त्याहून जास्त राग आला. आम्ही दोघांनी पहार लावून दगड उलटा केला. अक्षरं अगदी नवी होती, खडू लागलाच नाही.

ताईने यादीत एकेचाळिसावी ओळ लिहिली. नाव, वय तीन, जागा: मागचं अंगण. रस्त्याच्या कचेरीतल्या साहेबांनी त्या ओळीवर लाल रेघ मारली. खाली थडगं नाही, त्या दगडाची नोंद होत नाही, असं ते म्हणाले. ताईनेही जन्मभर अशाच रेघा मारल्या होत्या.

चाळीस थडगी हलली. यंत्र फिरलं त्या दिवशी ताई सकाळपासून अंगणात दगडाजवळ बसली होती. आईने खाटेवरून जेवायला तीनदा हाक मारली, पण ती उठली नाही.