वाढत्या अंगाचं माप

शरच्चंद्र आठल्ये यांनी छत्तीस वर्षं चड्ड्या आणि बनियन विकले. हे असं सांगितलेलं त्यांना आवडत नसे. ते स्वतः म्हणत, "मी होजिअरीत होतो." दुसऱ्या कोणी "मी विद्यापीठात होतो" म्हणावं, त्या थाटात. लक्ष्मी रस्त्याला लागून असलेल्या एका बोळात ते दुकान होतं. मालक दुसराच, पण गिऱ्हाइकं आठल्यांची, कारण त्यांना टेप लागत नसे. एखादी आई पोराचा हात धरून पायरी चढली की हे चष्म्यावरून एकदा बघत आणि म्हणत, "पंचावन्न."

आई म्हणे, "अहो, पाचच वर्षांचा आहे, पन्नास द्या ना."

"वय शाळेत सांगा," आठल्ये म्हणत आणि पंचावन्नच काढून देत. वाढत्या अंगाला एक नंबर जास्तीचा घ्यावा, हा त्यांचा कायदा होता. बाई घरी जाऊन पोराला घालून बघे, तो वर्षभर नेमका पुरे, आणि पुढच्या दिवाळीला ती निमूटपणे पुन्हा त्यांच्याकडेच येई.

तर अशा या माणसाला स्वतःच्या नातीचं माप माहीत नव्हतं. नात आठ वर्षांची, राहायला लोणी काळभोरला, म्हणजे दोन बस बदलून जेमतेम दीड तासावर, आणि त्यांनी तिला एकदाही पाहिलेलं नव्हतं.

भांडण झालं होतं म्हणावं तर तसंही नाही. आठल्यांच्या घराण्यात कोणी आवाज चढवत नसे. त्यांची एकुलती एक मुलगी वल्लरी हिने धाराशिवकडच्या उत्तरेश्वर नावाच्या, कारखान्यात नोकरी करणाऱ्या मुलाशी कोर्टात लग्न केलं आणि घरी येऊन सांगितलं. तेव्हा आठल्यांनी पेपर खाली न ठेवता एवढंच म्हटलं, "कळवलंत, आभारी आहे." पोटच्या मुलीला अहो-जाहो. शिव्या परवडल्या असत्या.

त्यावर दीड वर्षाने एके दिवशी ती दुकानात आली. ऐन गर्दीची वेळ, मालक गल्ल्यावर, आणखी दोन बायका खरेदीला. वल्लरी काउंटरशी उभी राहिली आणि म्हणाली, "झबलं हवं होतं."

आठल्यांनी हातातला बनियन खाली ठेवला. पण तोंडातून निघालं ते दुकानातलंच. "माप?"

"दीड महिन्याची आहे."

"वयावरून माप कळत नाही. मूल बघावं लागतं."

"मग बघायला या ना, बाबा," ती म्हणाली. हळू म्हणाली.

"दुकान गिऱ्हाइकाच्या घरी जात नसतं," आठल्ये म्हणाले. "मुलं दुकानात येतात."

त्या दोन बायका हसल्या. वाक्य चुरचुरीतच झालं होतं. आणि गंमत बघा, आठल्यांच्या हिशेबी ते बोलावणं होतं. उद्या घेऊन ये तिला, असं त्यांना म्हणायचं होतं. पुण्यात जन्म गेला म्हणजे सरळ वाक्य तोंडाला सुचेनासं होतं, एवढाच काय तो त्यांचा गुन्हा. वल्लरी पायरी उतरून गेली.

त्यांनी झिरो नंबरचं एक मऊ झबलं खोक्यात घालून काउंटरखाली ठेवलं. उद्या येईल, परवा येईल. पुढं सतरा जानेवारी आली, नातीचा पहिला वाढदिवस. तारीख त्यांना बायकोकडून कळलेली होती. उल्काताई मुलीशी फोनवर बोलत आणि मग स्वयंपाकघरात भिंतीला सांगितल्यासारखं मोठ्याने सांगत, "मुक्ताईला दात आला," "मुक्ताई चालायला लागली." आठल्ये बाहेरच्या खोलीत पेपरचं पान उलटायचं थांबवून ऐकत. त्या वाढदिवसाला त्यांनी स्लिप, चड्डी आणि मोज्यांची एक जोडी खोक्यात घालून, झबल्याच्या खोक्यासकट घरी आणली आणि कपाटावरच्या ट्रंकेत ठेवली. मग दर सतरा जानेवारीला एक खोकं. नंबर अंदाजाने, वयावरून. ज्या गोष्टीसाठी त्यांनी हजार आयांना फटकारलं, तीच ते करत होते.

"तुम्ही जाऊन या एकदा," उल्काताई म्हणत.

"येईल ती," आठल्ये म्हणत.

तीन वर्षांपूर्वी उल्काताई गेल्या. वल्लरी आणि उत्तरेश्वर आले, मुलीला शेजाऱ्यांकडे ठेवून आले होते. आठल्यांना विचारायचं होतं, तिला का नाही आणलं. त्यांनी विचारलं, "येताना रस्त्यात गर्दी नव्हती ना?" वल्लरी म्हणाली, "नव्हती." स्वयंपाकघरातली भिंत त्यानंतर मुकी झाली. मुक्ताईचे पुढचे दात पडले का, तिला काय आवडतं, ती कोणासारखी दिसते, हे सांगणारं आता घरात कोणी नव्हतं. संध्याकाळी कुकरची शिट्टी झाली की आठल्यांना नात हवीशी वाटे. एवढंच, पण ते रोज.

यंदाच्या जानेवारीच्या शेवटी गल्लीतल्या मित्र मंडळाने फलक लावला, 'गरजू मुलांसाठी जुने कपडे द्या.' ही कल्पना प्रियदर्शनीची. मुलगी लातूरची, गल्लीत भाड्याने राहणारी, नोकरी खराडीला. तिच्या कंपनीच्या खिडकीतून समोरच्या बांधकामावरची पत्र्याची घरं दिसत आणि सकाळच्या थंडीत नुसत्या शर्टावर फिरणारी मुलं दिसत. मंडळाचा केदार आणि इतर पोरं तयार झाली. चार दिवसांत तीन पोती भरली. दुधाची पिशवी घेऊन चाललेले आठल्ये थांबले आणि त्यांनी पोत्यात डोकावून बघितलं. साड्या, एक कोट, लग्नातला जरीचा फेटा.

"यात चड्डी कुठाय?"

केदार हसला. "काका, वापरलेली चड्डी कोण देणार?"

"देऊ नयेच. पण मग शर्टाच्या आत त्या पोरांनी घालायचं काय? हा फेटा?"

प्रियदर्शनी मात्र हसली नाही. ती म्हणाली, "काका, मला तेच वाटत होतं, पण लोकांना सांगायचं कसं ते कळेना. तुम्ही सांगाल?"

संध्याकाळी फलक बदलला. 'फक्त नवे: बनियन, चड्डी, स्लिप, मोजे.' त्याखाली आठल्यांनी एक ओळ घालायला लावली: 'जुने कपडे आणल्यास परत न्यावे लागतील, पोत्यासह.' लोकांनी फोटो काढून एकमेकांना पाठवले आणि त्या हसण्यात बऱ्याच जणांनी नवे कपडे आणूनही दिले.

"पण माप?" केदारने विचारलं. "सगळ्यांना एकच साइज घेऊ का, फ्री?"

"फ्री साइज पडद्याला असते," आठल्ये म्हणाले. "मुलं बघावी लागतील."

म्हणून रविवारी ते पोरांबरोबर खराडीला गेले. पत्र्याच्या घरांपुढं मुलं रांगेत उभी राहिली आणि आठल्ये चष्म्यावरून बघत नंबर सांगू लागले. पन्नास. साठ. पंचेचाळीस. प्रियदर्शनी नावापुढं लिहून घेत होती. बायडाबाई नावाची नांदेडकडची एक बाई दोन महिन्यांचं मूल घेऊन पुढं आली. "आमच्या बारकीला बी लिवा की."

"झिरो नंबर," आठल्ये म्हणाले.

बासष्ट मुलं झाली, अडखळले ते एकदाच. एक काटकुळी पोर समोर येऊन उभी राहिली. प्रियदर्शनीने सवयीने वय विचारलं, तर पोर म्हणाली, "आठ." आठल्ये तिच्याकडे बघतच राहिले.

"काका, नंबर?"

"सत्तर," ते म्हणाले. मग म्हणाले, "नाही. पासष्ट. थांब, साठ लिही."

कपडे मोजले तेव्हा मुलग्यांचं सगळं पुरलं. देणाऱ्यांनी डोळ्यांपुढं मुलगेच आणले होते बहुधा. लहान मुलींच्या सात स्लिप कमी पडत होत्या आणि झबलं एकही नव्हतं. "त्यांना पुढच्या महिन्यात देऊ," केदार म्हणाला.

आठल्ये घरी आले. स्टुलावर चढून त्यांनी ट्रंक खाली काढली. नऊ खोकी. पहिल्या खोक्याचा पुठ्ठा पिवळा पडला होता, आतलं झबलं मात्र जसंच्या तसं मऊ होतं. ते हातात घेऊन आठल्ये खाटेवर बसले. हे दिलं तर मुक्ताईला काय देणार, असं त्यांच्या मनात आलं, आणि आल्याबरोबर त्यांना स्वतःचीच लाज वाटली. आठ वर्षांच्या मुलीला झिरो नंबरचं झबलं कुठं चढवणार होते ते? कोपरावर? ही खोकी जिच्यासाठी होती, ती दीड महिन्याची मुलगी आता कुठेच नव्हती. एक वर्षाचीही नव्हती, चार वर्षांचीही नव्हती. तिची सगळी मापं त्यांच्या ट्रंकेत राहिली आणि ती निघून गेली. छत्तीस वर्षं वाढत्या अंगाचा कायदा सांगणाऱ्या माणसाच्या हे ध्यानात यायला आठ वर्षं लागली. ते रडले. घरात बघणारं कोणी नव्हतं, म्हणून नीट रडले.

पुढच्या रविवारी त्यांनी आठ खोकी मंडळाच्या टेंपोत ठेवली. नववं, यंदाचं, घरी ठेवलं.

बायडाबाईने तिथंच उन्हात बसून मुलीला झबलं घातलं. बंद बांधले, हात बाहेर काढले. मूल जांभई देऊन झोपी गेलं.

"बराबर बसलं," ती म्हणाली. "कुणाच्या मापाचं व्हतं, आजोबा?"

"नातीच्या."

"मोठी झाली आसंल की आता."

"असेल."

"आसंल म्हंजे? बगितली न्हाई व्हय?"

 साऱ्या गल्लीला ज्यांच्या जिभेचा धाक, त्यांना एका साध्या प्रश्नाला शब्द सापडेना. बायडाबाई त्यांच्याकडे बघत होती, आणि तिच्या बघण्यात टोमणा नव्हता, नुसती विचारपूस होती. आठल्यांनी रिकामं खोकं उचललं आणि ते टेंपोकडे वळले. टेंपोत परत येताना प्रियदर्शनी त्यांच्या शेजारी बसली. ती म्हणाली, "काका, मी लातूरला गेले की आई आधी दंड धरून बघते, बारीक झाले का. फोनवर कितीही सांगा, तिचा विश्वास बसत नाही."

"बरोबर आहे तिचं," आठल्ये म्हणाले.

सोमवारी जेवण झाल्यावर त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला, उल्काताईंच्या वहीतला पत्ता एका चिठ्ठीवर उतरवला आणि खोकं पिशवीत घातलं. स्वारगेटहून हडपसर, हडपसरहून लोणी. बसमध्ये ते मनात वाक्यं जुळवत होते. जुळत ती सगळी चुरचुरीत असत, म्हणून एकेक टाकून देत होते. उतरेपर्यंत एकही उरलं नाही.

तळमजल्याच्या दोन खोल्या होत्या. दार उघडंच होतं, आत वल्लरी पाच-सहा लहान मुलांची शिकवणी घेत होती. तिने वर बघितलं. केसांत पांढरं दिसू लागलं होतं तिच्या. ती उठून दाराशी आली, पण "या" म्हणाली नाही.

आठल्यांनी पिशवीतून खोकं काढून पुढं केलं. "पासष्ट नंबर आहे," ते म्हणाले. "होईल का तिला?"

वल्लरीने खोकं हातात घेतलं नाही. 

"वयावरून माप कळत नाही, बाबा," ती म्हणाली. "मूल बघावं लागतं."

आठल्ये म्हणाले, "म्हणून आलोय."

ती आत गेली. मुलांना पाढे लिहायला सांगितल्याचं बाहेर ऐकू आलं. मग ती प्लॅस्टिकची खुर्ची आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि दोन्ही दाराबाहेर ठेवले. "शाळा पाचला सुटते," ती म्हणाली.

तेव्हा तीन वाजायला आले होते. आठल्ये खोकं मांडीवर घेऊन बसले. ऊन पायांवरून गुडघ्यांपर्यंत आलं. शिकवणीची मुलं गेली. आत भांडी घासल्याचे आवाज आले, मग चहाचा वास आला, आणि थोड्या वेळाने एक कप न बोलता खुर्चीशेजारी आला. त्यात साखर अर्धाच चमचा होती, त्यांना लागते तेवढी.

पाचनंतर गल्लीत दप्तरं दिसू लागली. आठल्ये सवयीने बघत होते. साठ. पंचावन्न. ही सत्तर, हिच्या आईने पुढचा नंबर वेळेवर घ्यायला हवा. मग एक मुलगी दप्तराचा एकच बंद खांद्यावर टाकून त्यांच्या दिशेने आली आणि खुर्चीपुढं थांबली. चपलेच्या टाचेवर भार देऊन उभं राहायची तिची ढब उल्काताईंची होती.

"कोण पाहिजे?" तिने विचारलं.

 मागून दारातून वल्लरी म्हणाली, "मुक्ता, सरळ उभी राहा. आजोबांना माप घ्यायचंय."

मुक्ताई पाय जुळवून, हात मांड्यांना लावून, शाळेतल्यासारखी ताठ उभी राहिली. आठल्यांनी एकदा चष्म्यावरून बघितलं. मग चष्म्यातून बघितलं. मग चष्मा काढून, शर्टाच्या टोकाने पुसून, पुन्हा घातला.

"झालं का?" मुलीने विचारलं.

"नाही," आठल्ये म्हणाले. "अजून थोडा वेळ लागेल."