दवाखान्यात जायची बाही

“मला काय झालंय?” असं म्हणताना तिचा उजवा हात पदराखाली जायचा. शिनोलीच्या वरच्या अंगाला असलेल्या तिच्या वाडीत मी नर्स म्हणून फिरायचे. हात झाकला गेला की तो सुजलाय, हे न बघताच कळायचं. असं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. विचारायची सोय नाही आणि न विचारता राहवत नाही.

तिच्या छातीच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमो झाली. सरकारी योजनेतून सगळं नीट पार पडलं. आजार गेला, पण काखेतल्या गाठी काढल्यामुळे हातावर सूज यायची, ती राहिली. दवाखान्यातून सूचना मिळाल्या: ओझं उचलू नका, चिखलात हात घालू नका, हाताला जखम होऊ देऊ नका. मी त्या वाचून दाखवल्या.

“मग सिस्टर, ह्यो हात ठिवायचा कुठं?” ती म्हणाली.

आम्ही दोघी हसलो. नंतर मला रागच आला. घरात नळ असलेल्या बाईसाठी लिहिलेल्या सूचना होत्या त्या. हिचं पाणी उतारावरच्या विहिरीत.

सुजेसाठी एक घट्ट बाही दिली होती, रोज घालायची. ती तिच्या हातात कधी दिसेना. एकदा खोदून विचारलं, तर तिने पत्र्याची पेटी उघडली. ठेवणीतल्या साडीच्या घडीत बाही, कोरी करकरीत.

“ही दवाखान्यात जायाची हाये. रोज घातली तर मळंल. डाक्टर काय म्हंतील?”

तिची खरी काळजी वेगळीच होती. आमच्या डोंगरपट्ट्यात भाताची आवणी पडकईने होते. आज सगळे मिळून तुझ्या खाचरात रोपं लावतात, उद्या माझ्या. मजुरी नसते, पण आपण गेलो नाही तर दुसऱ्यांना कोणत्या तोंडाने बोलवायचं? म्हणून ती गेली आणि दिवसभर चिखलात वाकली. हात उशीएवढा झाला, ताप चढला. मी पोचले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून रडत होती.

“माझी आवणी ऱ्हायली. आता कुणाला बोलवू?”

तिची थोरली जाऊ उंबऱ्यात बसली होती. फटकळ बाई. म्हणाली, “तू यायचं. बाही घालून बांधावर बसायचं. बाही काढलीस, तर पडकईत तुझा दिवस धरायचा न्हाई.”

ताप उतरल्यावर ती खरंच जाऊन बसली. बांधावर घोंगडीची घडी, तिच्यावर ही, मांडीवर बाही घातलेला हात. तिथून सगळ्यांना बोलणी. “ए, लई दाट लावतीयास.” ही चिखलात होती तेच बरं, असं वाडीला वाटलं असणार. तिचंही खाचर लागलं.

पण वर्ष काही बांधावर बसून जात नाही. पाणी होतं, सरपण होतं. हात पुन्हा पुन्हा भरून यायचा. शेवटी लेकीने तिला मंचरला नेलं. तिथे घरात नळ आहे. मध्यंतरी बाजारात भेटली, तेव्हा हात चांगलाच उतरला होता. मला फार बरं वाटलं.

“हलका झालाय, सिस्टर. पन हितं कामाला कुणी हाकच मारीत न्हाई.”

यंदा तिच्या खाचरात सगळे उतरले, तेव्हा जावेने फोन लावला.

“बाही घातलीय का?”

“घातलीय. मला काय झालंय?”

“मंग धरला तुझा दिवस.”

दुपारी सगळे बांधावर भाकरी खायला बसले. घोंगडीची घडी मांडलेली होती. तेवढी जागा सोडून बसले.