पाद्र्याच्या बागेतलं आमचं कुंड

माझ्या सासूबाई केझाया पॉटिंजर चर्चमध्ये फार वेळ कधी बसल्या नाहीत. फुरसत कुठं होती? ऑलकोट ही आमची शेतमजुरांची वाडी, आणि तिथल्या एकुलत्या एक सुईण त्या. एखादं मूल जगेलसं वाटलं नाही, तर पाद्र्याची वाट न बघता त्याच त्याच्या डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा देत. बाकीची पोरं आमच्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडापाशी जात. सासूबाईंचा बाप्तिस्मा तिथलाच, त्यांच्या आजीचाही.

मग चर्चच्या वरच्यांनी ठरवलं की एवढ्याशा ऑलकोटला वेगळी पॅरिश, म्हणजे स्वतःचं चर्च आणि पाद्री, परवडत नाही. आम्हाला बर्सले गावाला जोडलं आणि आमच्या चर्चला कुलूप ठोकलं. विचारलं कुणी? मेंढरं हलवतानासुद्धा मेंढपाळ हाक तरी मारतो.

माझा ॲम्ब्रोज जन्मला तेव्हा सासूबाई हट्टाला पेटल्या. बाप्तिस्मा आपल्याच कुंडात! बाळाला घेऊन आम्ही बर्सलेला विचारायला गेलो, तर आमचं कुंड तिथल्या पाद्री क्रॉस्बींच्या बागेत, आणि त्यात लाल फुलांची रोपं! माझं डोकंच फिरलं.

"शोभतंय की नाही?" पाद्री म्हणाले. "आमच्या चर्चमध्ये संगमरवरी आहे. रविवारी आणा बाळाला. हे आता जुनं झालं, पॉटिंजरबाई."

"जुनी तर मीही झालेय. माझ्या डोक्यावर रोपं लावणार?"

एवढं बोलून त्यांनी रोपं मुळासकट उपटली आणि पाद्र्याच्या बुटांवर फेकली. मी माती उपसू लागलो. माझी बायको लेटी "आई, अगं!" म्हणेस्तोवर सासूबाईंनी शेजारची झारी कुंडात रिकामी केली, बाळ तिच्या कडेवरून घेतलं आणि पिता, पुत्र व पवित्र आत्म्याच्या नावाने त्याच्या डोक्यावर तीनदा पाणी घातलं. बाळानं टाहो फोडला.

"थांबा! सुईणीनं हे करायचं ते कुणी मरायला टेकलं तरच!" पाद्री ओरडले. "पोर तर ठणठणीत आहे!"

"पोर आहे हो ठणठणीत. मारलंत तुम्ही आमच्या वाडीला!"

पाद्र्यांचा चेहरा लालबुंद झाला, पण करणार काय? एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा देता येत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.

"जावईबापू, धरा," ओलंचिंब पोर माझ्या हातात देत सासूबाई म्हणाल्या. "हा ऑलकोटचा झाला. आता म्हणावं, जोडा याला कुठं जोडायचा तो."