वहीतला बारा वर्षांचा शब्द

ऑपरेटरबाईंनी बत्तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली आणि निवृत्त होताना तिथली एक सवय घरी आणली. जे एकदा चाललं ते वहीत लिहायचं, आणि लिहिलेल्याच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. औषधांच्या वेळांपासून नळाच्या वायसरच्या मापापर्यंत सगळं त्या निळ्या वहीत होतं. घरातला सोळा वर्षांचा कॉम्प्युटरही वहीच्याच धाकात चाले. त्यावर विंडोजच्या जागी लिनक्स होतं, ते बाईंनी स्वतः घातलेलं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हे कळल्याशिवाय राहत नसे.

घरात दुसरं माणूस म्हणजे धाकटा भाऊ. साठी उलटली तरी बाळच. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासली आणि शेवटी डोळ्यांनीच दगा दिला. नजरेच्या मधोमध धुरकट डाग बसला, तो आता जाणार नाही असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. अक्षर वीतभर मोठं केलं तरच कडेकडेने दिसे. म्हणून तीन वर्षं रोज दुपारी बाई त्याला वाचून दाखवत, आणि तू स्वल्पविराम गिळतेस म्हणून तो कुरकुरत असे.

लिनक्सच्या नव्या डेस्कटॉपमध्ये पडद्यावरचं अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं असं समजलं, तेव्हा बाईंनी तो हौसेने घातला. पण माउस हलवला की पान मागाहून फरफटत यायचं, अक्षरांचे तुकडे व्हायचे. आठवडाभर झगडून बाळने खुर्ची मागे सारली.

"ताई, राहू दे आता. वाचनाचा नाद सुटला म्हणायचा."

तो हे रागाने बोलला असता तर बाईंनी भांडून घेतलं असतं. तो शांतपणे बोलला, म्हणून बाईंनी कॉम्प्युटरच्या दुकानदाराला बोलावून घेतलं. दुकानदाराने तर तोंडही वाकडं न करता निकाल दिला, की पडद्यावर चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड म्हातारं झालंय, सगळंच भंगारात घाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी निदान धूळ तरी काढू म्हणून कॉम्प्युटरचा डबा उघडला. कार्डावरच्या चिठ्ठीवर एक नाव, वहीत कार्डाचं नाव भलतंच. वही चुकेल कशी? सेटिंग्जमध्ये पाहिलं तर तिथेही वहीतलंच. शेवटी त्यांनी लिनक्सवाल्यांच्या चर्चेच्या पानावर विचारलं. अर्ध्या तासात कुणीतरी समजावलं, की तुम्ही लिहून ठेवलंय ते कार्डच नाही. कार्ड बंद असलं की चित्र काढायचं काम प्रोसेसरच्या गळ्यात टाकणारा तो एक प्रोग्राम आहे. आणि कार्ड बंद तुम्हीच ठेवलंय.

बाईंचे कान गरम झाले. बारा वर्षांपूर्वी पडदा काळा झाला होता, तेव्हा कुणाच्या तरी सल्ल्याने त्यांनी कॉम्प्युटर सुरू होताना वाचतो त्या हुकमांच्या ओळीत 'नोमोडसेट', म्हणजे कार्ड वापरू नको, हा शब्द घातला होता. चित्र आलं, शब्द वहीत गेला, खाली लाल शाईच्या दोन रेघा. पुढे दर वेळी नवं लिनक्स घातलं की तो शब्द इमानेइतबारे घातला. मधल्या काळात तो दोष केव्हाच दुरुस्त झाला होता, पण वहीला ते कोण सांगणार?

बाईंनी शब्द आधी कॉम्प्युटरमधून काढला, मग वहीत खोडला. वहीतली ती पहिली काट. बाळला हाताला धरून समोर बसवलं. पडदा पुन्हा काळा राहिला तर तो परत ह्या खुर्चीत बसणार नव्हता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

कॉम्प्युटर पुन्हा चालू केला, तसा पडदा काळा झाला. बाईंनी पदर मुठीत धरला. मग चित्र उमटलं. त्यांनी बटण दाबलं आणि अक्षर वाढत गेलं, वाढत गेलं, कुठेही न अडखळता वीतभर झालं. बाईंच्या अंगावर काटा आला. बारा वर्षं डब्यात नुसतं बसून राहिलेलं कार्ड, आणि एवढं बळ!

हे जमलं कसं ते पाहावं म्हणून त्यांनी कार्ड चालवणाऱ्या प्रोग्राममधल्या दुरुस्त्यांची यादी उघडली. सगळ्यात वरची नोंद गेल्याच महिन्याची, दुरुस्ती करणाऱ्या कुणा अनोळखी माणसाने लिहिलेली होती. बाई वाचायला लागणार तोच बाळने हात आडवा केला.

"थांब. मी वाचतो, तू ऐक."

नाक पडद्याला लावून, इंग्रजी मराठीत फिरवत तो सावकाश वाचू लागला. "ह्या जुन्या कार्डांवर पडदा मोठा करताना अक्षरं फाटत होती, ते दुरुस्त केलं. तपासायला माझ्याकडे असं एकच कार्ड उरलं आहे, ते चालतंय तोवर करत राहीन."

बाईंनी लाखो अनोळखी माणसं एकमेकांना जोडून दिली होती. आपल्यासाठीही कुणी असं कुठेतरी बसलं असेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. चष्मा काढून त्या डोळे मिटून बसल्या. बाळ पुढची ओळ वाचत होता, प्रत्येक स्वल्पविरामाशी नीट थांबत.